फोरोचा काढा

हर्मेलिंडा क्वाउत्लेच्या लॅबमध्ये आजवर एकही पान नापास झालं नव्हतं.

पुएब्लाच्या विद्यापीठात औषधी वनस्पतींमधली द्रव्यं तपासण्यात तिची उमर गेली होती. विद्यार्थी कुठून कुठून पाला घेऊन यायचे. कुणी आजीच्या परसातला, कुणी डोंगरावरचा, कुणी बाजारात जुडीने मिळणारा. तो सावलीत वाळवायचा, दळायचा, अल्कोहोलमध्ये भिजत घालायचा, गाळायचा, आटवायचा. मग एका गडद जांभळ्या द्रावात त्या अर्काचे थेंब सोडायचे. पानात अँटिऑक्सिडंट असली की जांभळा रंग उतरतो आणि द्राव पिवळा पडतो. आणि तो पडायचाच. रस्त्याकडेचं गवत आणून टाकलं तरी थोडाफार पडतो, हे हर्मेलिंडाला इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. विद्यार्थ्यांची मात्र पहिलीच वेळ असायची. रंग उतरताना बघून पोरं हरखायची. पूर्वी तीही त्यांच्याबरोबर हरखायची. अलीकडे ती नुसती "छान" म्हणायची आणि बसायला खुर्ची शोधायची.

हा शीण कसला, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पन्नाशी ओलांडली होती, पण तब्येत धड होती. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरी कुणाचं करायचं नव्हतं. आई अंथरुणावर होती तोवर तिचं केलं, आई गेली, आणि त्यानंतर जो थकवा अंगात शिरला तो पाहुण्यासारखा आला आणि घरच्यासारखा राहिला. सुट्टी घेऊन पाहिली. सुट्टीतही ती दमायची.

एका मंगळवारी दुपारी ती कुणाच्या तरी प्रबंधात खुणा करत बसली होती, तेव्हा दारात देल्फिना येऊन उभी राहिली. देल्फिना तिची भावजय, थोरल्या भावाची बायको. इतक्या वर्षांत ती लॅबची पायरी कधी चढली नव्हती. खांद्यावर शाल होती, हातात फडक्यात गुंडाळलेल्या गरम टॉर्टिया, मक्याच्या रोट्या. कुणाकडेही रिकाम्या हाताने जायचं नाही हा तिचा नेम.

"बस ना," हर्मेलिंडा म्हणाली. "काय झालं?"

देल्फिनाने टॉर्टिया टेबलावर ठेवल्या, पण बसली नाही. "मी तुझ्यावर रागावलेय की नाही, तेच मला कळेना. म्हणून म्हटलं येऊन बघावं."

"माझ्यावर? मी काय केलं?"

"फोरो मशीनवर जात नाही. गेल्या गुरुवारी गेला नाही, काल सोमवारीही नाही. परवाही जाणार नाही म्हणतो."

फोरो म्हणजे तिचा थोरला भाऊ निसेफोरो, पण त्या पूर्ण नावाने त्याला बाप्तिस्म्याच्या दिवसानंतर कुणी हाक मारली नव्हती. शेजारच्या चोलुला गावाबाहेरच्या विटभट्ट्यांवर त्याचा जन्म गेला. ऊन वरून, आग खालून, आणि पाणी प्यायला उसंत नाही. साठी गाठायच्या आत दोन्ही मूत्रपिंडांनी हात वर केले. तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार तो सरकारी इस्पितळात रक्त धुवायच्या मशीनला जोडलेला असायचा.

"जात नाही म्हणजे? मग करतो काय?"

"मी उकळून देते तो मुइक्लेचा काढा पितो. उठल्यापासून झोपेपर्यंत. मी काही बोलायला गेले की एकच, माझ्या बहिणीने सिद्ध केलंय, छापून आलंय."

हर्मेलिंडाने हातातलं पेन खाली ठेवलं.

मुइक्लेचं झुडूप त्या भागात ज्याच्या त्याच्या दाराशी असतं. पानं गरम पाण्यात टाकली की पाणी डाळिंबासारखं लाल होतं, आणि रंग रक्ताचा म्हणून ते रक्ताचं औषध, असं म्हाताऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. मागे हर्मेलिंडाने त्या पानांवर काम केलं होतं. निबंध छापून आला. मग तिथल्या एका वर्तमानपत्राने बातमीदार पाठवला, झुडपाशेजारी उभं करून तिचा फोटो काढला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आजीबाईंचं मुइक्ले विज्ञानाच्या कसोटीला उतरलं.' तिला तेव्हा बरं वाटलं होतं. निबंध वाचणारे जगात मोजके, बातमी आख्ख्या गावाने वाचली.

"देल्फिना, मी त्यात मूत्रपिंडाबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही."

"मला काय सांगतेस? मला वाचता येतं. त्याला सांग."

"पण इतक्या दिवसांनी ही बातमी त्याला मिळाली कुठून?"

"त्याला एकट्याला नाही, सगळ्यांना मिळते. बाजारात पास्कुआलाच्या दुकानावर टांगलीय, हीऽ एवढी मोठी करून. तुझा फोटो लांबून बघितला तेव्हा मला वाटलं, निवडणुकीला उभी राहिलीस."

हे बोलून देल्फिना शेवटी खुर्चीत बसली. बसली तशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने ते शालीच्या टोकाने पुसून टाकलं, ओटा पुसावा तसं.

दुसऱ्या दिवशी चोलुलाचा बाजार होता. हर्मेलिंडाने तास दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातला आणि गेली. पाल्याची दुकानं बाजाराच्या मागच्या अंगाला, मेणबत्त्यांच्या दुकानांपलीकडे. पास्कुआला ठेंगणीठुसकी, तोंडाने तिखट, आईमागे तिचंच दुकान चालवणारी, सगळे तिला आदराने 'दोन्या' म्हणायचे. कॅमोमाइलच्या जुड्या बांधत बसली होती. तिच्या डोक्यावर दोरीने टांगलेला प्लॅस्टिकमधला भलामोठा कागद. त्यात हर्मेलिंडा मुइक्लेची फांदी हातात धरून हसत होती, आणि खाली रंगीत खांबांचा आलेख.

"या या, डॉक्टरीणबाई. सगळी तुमचीच कृपा."

"दोन्या पास्कुआला, हे खाली काढायला लागेल."

"का? खोटं आहे का?"

हर्मेलिंडा मान वर करून वाचू लागली. तिला वाटलं होतं बातमीदाराने काहीतरी पदरचं घातलं असेल, तेच दाखवू. ओळीमागून ओळ वाचली. तसं काहीच नव्हतं. जे होतं ते ती स्वतःच बोलली होती.

"खोटं नाही," ती म्हणाली. "पण ते काचेच्या नळीतलं आहे. माणसाच्या अंगात काय होतं, ते यात नाही."

"मग माणसात का नाही बघितलं?"

पास्कुआलाने टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं. हर्मेलिंडाजवळ याचं लांबलचक उत्तर होतं. परवानग्या, इस्पितळं, अनुदान, समित्या. तिला त्यातलं काहीच बोलावंसं वाटलं नाही.

"माझ्या भावाने मशीन सोडलंय," ती म्हणाली. "तुमच्याकडचा पाला नेऊन."

जुडी बांधणारे हात थांबले. "फोरोने? सोडलं? माझ्या आईची शपथ, मी त्याला सोड म्हटलं नाही. तो आला, म्हणाला, दोन्या, घरचं झुडूप पुरत नाही, रक्त साफ करणारं मुइक्ले द्या. मग विचारतो, जोरदार आहे ना? मी म्हटलं, अरे तुझ्याच बहिणीला विचार, हे खांब बघ किती उंच आहेत. एवढंच बोलले. पोटदुखीला, पाळीला, झोपेला मी पाला देते. मशीन सोडा म्हणणारी मी कोण?"

तिने स्टुलावर चढून दोरी सोडली आणि कागद खाली घेतला. मग तो मांडीवर धरून म्हणाली, "याच्याऐवजी दुसरं लिहून द्या मग. कुणी प्यावं, कुणी पिऊ नये. साध्या भाषेत द्या, मला वाचता आलं पाहिजे. फोटो मात्र राहू दे. लोकांना तो आवडतो."

हर्मेलिंडाने मान हलवली. तिथून ती भावाच्या घरी गेली.

विटभट्टी आता फोरोचा जावई बघायचा. घर भट्टीला लागूनच. फोरो अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसला होता, डोक्यावर गवताची टोपी. पाय उघडे, आणि ते इतके सुजले होते की घोटा कुठे आणि पिंढरी कुठे ते कळत नव्हतं. शेजारी स्टुलावर काचेची मोठी बरणी, तिच्यात तो लाल काढा.

"आलीस?" तो म्हणाला. "देल्फिनाने माझ्यावर फिर्याद दिली म्हणायची."

"पाय बघू."

"पायांना काय झालंय? भरलेत चांगले. गरिबाच्या घरात काहीतरी भरलेलं असावं."

दोन वाक्यांच्या मध्ये त्याला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. हर्मेलिंडा त्याच्या पायाशी उकिडवी बसली आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. खड्डा पडला तो तसाच राहिला.

"फोरो, हा काढा तुझ्यासाठी नाही."

"पेपरात तसं नाही लिहिलंस. फोरो सोडून बाकीच्यांसाठी, असं लिहायचं होतंस."

"चेष्टा पुरे. उद्या गुरुवार. मी गाडी घेऊन येते, माझ्याबरोबर चल."

"बघू."

त्यांच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'. बापापासूनची रीत होती ती. हर्मेलिंडाला वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने पर्समधली पाण्याची बाटली रिकामी केली आणि बरणीतला काढा तिच्यात ओतून घेतला.

"ने, ने," फोरो म्हणाला. "तुलाही गरज आहे. डोळ्यांखाली बघ जरा, भट्टीतली राख फासल्यासारखं दिसतंय."

परत लॅबमध्ये आल्यावर तिने सवयीने आधी जांभळी परीक्षा घेतली. काढ्याचा थेंब पडतो न पडतो तोच द्राव पिवळा. कुणा विद्यार्थ्याने असा नमुना आणला असता तर त्याचे गुण कापायला जागा सापडली नसती. ती त्या नळीकडे बघत राहिली. मग बाटली उचलून समोरच्या इमारतीत माती तपासणाऱ्या बाल्तासारकडे गेली. त्याच्याकडे ज्योतीवर पोटॅशियम मोजायचं यंत्र होतं.

बाल्तासार तिच्याच वयाचा, कमी बोलणारा. त्याने काढा गाळून यंत्राला दिला. काटा उडून टोकाला जाऊन बसला. त्याने पाणी घालून पातळ केला. काटा पुन्हा टोकाला. तिसऱ्यांदा अगदीच पातळ केल्यावर कुठे आकडा वाचता आला.

"कुठल्या पिकाला घालायचंय?" त्याने विचारलं. "खत म्हणून फक्कड आहे."

"माणूस पितोय."

"किती?"

"बरणीभर. रोज."

हर्मेलिंडाने तिथेच बसून हिशेब केला. देल्फिना पानं देठांसकट घालायची आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटवायची, गुण यावा म्हणून. इस्पितळाने फोरोला केळं बंद केलं होतं, टोमॅटो बंद, राजमा बंद, सगळं या पोटॅशियमपायी. आणि दिवसभराच्या जेवणात जेवढं चालेल म्हणून सांगितलं होतं त्याहून जास्त या एका बरणीत होतं. निरोगी माणूस ते लघवीवाटे टाकून देतो. फोरोच्या अंगातून ते काढणारं मशीनच काय ते होतं.

पानातली किती द्रव्यं तिने मोजली होती. त्यांची नावं उच्चारताना विद्यार्थ्यांची बोबडी वळायची. आणि हे साधं पोटॅशियम, जे शेतकऱ्याच्या मातीतही मोजतात, ते मोजावं असं कधी मनात आलं नाही. यंत्र रस्त्याच्या पलीकडे होतं. कुणी विचारलं नव्हतं, म्हणून बघितलं नव्हतं. तिने बाल्तासारच्या टेबलावर डोकं टेकलं. त्याने न विचारता कॉफी आणून ठेवली आणि आपल्या मातीच्या पुड्या लावत बसला.

गुरुवारी सकाळी ती फोरोच्या अंगणात पोचली. चर्चकडून फटाक्यांचे बार ऐकू येत होते, कुठल्यातरी संताचा उत्सव असावा. चोलुलात कुणा ना कुणाचा असतोच. फोरो त्याच खुर्चीत होता. रात्रभर बसूनच काढली असावी, कारण आडवं झालं की त्याला धाप लागायची. ती त्याच्याशेजारी विटांच्या थप्पीवर बसली आणि आडवळण न घेता सांगायला लागली.

"फोरो, या काढ्यात पोटॅशियम आहे, पुष्कळ. मशीनवर गेलं नाही की ते अंगात साठतं. साठत गेलं की हृदय थांबतं."

"दुखतं?"

"बहुतेक नाही. एकदम होतं."

फोरोने मान हलवली. भट्टी नीट पेटली का, असं विचारावं आणि कुणी 'पेटली' म्हणावं, तेवढ्याच शांतपणे. "मग तुझं औषध अगदीच वाईट नाही म्हणायचं."

हर्मेलिंडाला ते समजायला वेळ लागला.

"तुला माहीत होतं."

"पोटॅशियम-बिटॅशियम कुठलं माहीत असणार? पण पाल्याने गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही, एवढं कळतं की. मी विटा भाजल्या जन्मभर, डोकं नाही भाजून घेतलं."

"मग हे कशाला सगळं?"

तो थोडा वेळ श्वास जमवत बसला. "त्या खुर्चीत सकाळ जाते. घरी आलो की मेल्यासारखा पडतो. दुसऱ्या दिवशी जरा माणसात येतो, की पुन्हा निघायची वेळ. शेजारच्या खुर्चीतली माणसं बदलत राहतात. आधीचा कुठे गेला, कुणी विचारत नाही, आणि मीही नाही विचारत. मी दमलो, लिंडा. पण दमलो म्हटलं की देल्फिना रडते. पोरगी पाद्रीबाबाला घेऊन येते. जावई म्हणतो, हिंमत धरा. आणि औषध बदललं म्हटलं की सगळे गप्प. वर शाबासकी देतात, बहिणीचं औषध घेतो म्हणून. तुझा कागद फार उपयोगाला आला."

हर्मेलिंडा मनात राग घोळवत आली होती. आता शोधायला गेली तर तो तिला सापडेना.

"मीपण दमलेय," ती म्हणाली.

"तू? तुला काय झालं दमायला?"

"सगळं चांगलं आहे, सगळं चांगलं आहे, असं सांगून सांगून."

फोरो हसला, आणि हसण्याने त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर दोघांनाही कळलं की स्वयंपाकघराच्या दारात देल्फिना उभी आहे. तिच्या हातात मातीचा पेला होता, सकाळचा पहिला काढा. ती किती वेळ तिथे होती, विचारायची गरज नव्हती.

"रोज पहाटे उठून मी पानं खुडली," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कीड लागलेलं एक पान घेतलं नाही. ग्वादालुपेच्या मातेला सांगत सांगत उकळलं. तुला वास आवडत नाही म्हणून दालचिनी घातली. आणि तू ते मरायला पीत होतास."

"देल्फिना..."

"मरायचं तर सांगून मर. मी काय तुला बांधून ठेवणार आहे? पण माझ्या हाताने नको. माझ्या हाताने का?"

तिने पेला अंगणात ओतला, रिकामा पेला दाराशी ठेवला आणि आत गेली. आतून भांडी घासायचा आवाज येऊ लागला. भांडी कालच घासून झाली होती.

फोरोने टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या काठावरून तो बोट फिरवत राहिला. असा तो हर्मेलिंडाने कधी पाहिला नव्हता; कामगारांपुढे, सावकारापुढे, डॉक्टरांपुढे त्याच्याकडे नेहमी उलट उत्तर तयार असायचं.

"हे माझ्या डोक्यातच नाही आलं," तो शेवटी म्हणाला. "कोण उकळतंय, हे."

हर्मेलिंडाने पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"गाडी आणलीस ना?"

"आणलीय."

"मग हात दे. माझ्याच्याने उठवत नाही."

इस्पितळात त्याचं रक्त तपासलं आणि एकदम धावपळ झाली. त्याला रांगेतून पुढे घेतलं, छातीला तारा लावल्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी हर्मेलिंडाला बाजूला घेऊन सांगितलं की आज घरी राहिले असते तर उद्याची सकाळ बघितली नसती. मग फोरो आपल्या खुर्चीत, हातावरच्या फुगलेल्या शिरेत सुया, आणि त्याचं रक्त नळ्यांतून फिरू लागलं. हर्मेलिंडा स्टूल ओढून शेजारी बसली. फोरोला डुलकी लागली. थोड्या वेळाने तिलाही.

मशीन सुटल्यावर त्याने त्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि बहिणीसमोर सरळ विचारलं, "मला हे थांबवायचं असलं तर?"

हर्मेलिंडाला वाटलं आता उपदेश होणार. तसं झालं नाही. डॉक्टरीणबाई खुर्ची घेऊन बसल्या. "थांबवता येतं," त्या म्हणाल्या. "तुमचा हक्क आहे. पण चोरून नाही. घरच्यांना सांगायचं, आम्हाला सांगायचं. म्हणजे धाप लागली, खाज सुटली, झोप उडाली, तर त्यावर देण्यासारखं पुष्कळ आहे. आणि आज ठरवायचं नाही. आज तुम्ही दमला आहात."

"मी रोजच दमलेला असतो, बाई."

"मग ज्या दिवशी जरा कमी दमलेले असाल त्या दिवशी ठरवा."

फोरोला हे पटलं. पुढच्या रविवारी त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं, मुलीला, जावयाला, हर्मेलिंडाला, आणि देल्फिनाने सांगितल्याप्रमाणे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी मे महिन्यातल्या सांता क्रूझच्या सणापर्यंत मशीनवर जाईन, त्यानंतर नाही. मुलगी ताटावरून उठून गेली. जावयाने 'हिंमत' म्हणायला तोंड उघडलं आणि फोरोच्या नजरेने मिटलं. देल्फिना वाढत राहिली. तिला हे आधीच माहीत होतं, गुरुवारच्या रात्री दोघं बोलली होती. काय बोलली ते तिने कुणाला सांगितलं नाही.

त्या हिवाळ्यात सोमवार-गुरुवार चालू राहिले. जमेल तेव्हा हर्मेलिंडा गाडी घेऊन जायची. मधल्या दिवसांत तिने पास्कुआलासाठी कागद लिहून दिला. मूत्रपिंडाच्या रोग्याने हा काढा पिऊ नये, इस्पितळातले उपचार कुणीही सोडू नयेत. पास्कुआलाने तो फोटोखाली चिकटवला आणि तक्रार केली की आता मुइक्ले कमी खपतं, पण काढला नाही. काढ्यांतल्या पोटॅशियमवर हर्मेलिंडाने एक छोटा निबंध लिहून पाठवला. तो परत आला, यात नवीन काही नाही म्हणून. वर्तमानपत्राच्या बातमीदाराला फोन केला तर तो म्हणाला, "डॉक्टर, असलं वाचून लोक खट्टू होतात हो." तिने लॅबमध्ये मात्र नियम घातला की प्रत्येक नमुना बाल्तासारकडूनही तपासून आणायचा. विद्यार्थी कुरकुरले. तिने कुरकुरू दिलं.

सांता क्रूझ हा गवंड्यांचा आणि भट्टीवाल्यांचा सण. त्या दिवशी भट्टीच्या माथ्यावर फुलांनी मढवलेला क्रूस उभा राहिला, बँड आला, फटाके वाजले. देल्फिनाने मोले केलं होतं, मिरच्यांच्या दाट रश्शातली सणाची कोंबडी. फोरोला जे जे वर्ज्य होतं ते सगळं त्याने मागून घेतलं, राजमा, टोमॅटोची चटणी, तळलेली केळी, वर थंडगार बिअर. "इतके दिवस कशाला मुकलो होतो ते विसरूनच गेलो होतो," तो म्हणाला आणि आणखी केळी मागितली.

पुढच्या सोमवारी गाडी निघाली नाही.

पहिले काही दिवस तो खुशीत होता. जुने कामगार येऊन बसायचे, तो त्यांच्या टोप्या उडवायचा. मग झोप वाढली. शेवटच्या दिवसांत धाप लागली तेव्हा इस्पितळाने दिलेलं औषध हर्मेलिंडाने त्याच्या जिभेखाली सोडलं आणि धाप उतरली. तो गेला तेव्हा दुपार होती आणि देल्फिना त्याची नखं कापत होती. तिने राहिलेली नखं कापून पुरी केली आणि मग हाक मारली.

नऊ दिवस घरात प्रार्थना चालल्या. रोज माणसं, रोज कॉफी, रोज मोठमोठी पातेली. शेवटच्या सकाळी पाहुणे गेल्यावर अंगणात दोघी उरल्या, मुलगी उरलेला पाव दुकानात परत द्यायला गेली होती. हर्मेलिंडा बाह्या सरसावून पातेल्याशी बसली. तिच्या हातात काथ्या होता आणि हात हलत नव्हता.

"ऊठ," देल्फिना म्हणाली. "आत जाऊन पड."

"अगं, एवढी भांडी..."

"भांड्यांना काय पाय फुटणार आहेत? ऊठ म्हणते ना."

हर्मेलिंडाने काथ्या तिच्या हातात दिला. आतल्या खोलीत पलंगावर धुतलेल्या चादरींचा ढीग होता. तिने तो बाजूला सारला नाही, त्याच्याच कडेला अंग टाकलं. बाहेर पाण्याचा आवाज चालू होता. चर्चकडे कुणीतरी बार उडवला, कुत्री भुंकली. देल्फिना हात पुसत दारापर्यंत आली, नणंदेच्या पायांतले बूट काढून पलंगाखाली ठेवले आणि दार लोटून घेतलं. हर्मेलिंडाला त्यातलं काहीच कळलं नाही. ती संध्याकाळपर्यंत झोपली.